ताम्रभस्माची पुडी

मूल गाव, १२ नोव्हेंबर १९९८

वैद्याने वाटीतल्या पाण्यावर ताम्रभस्म, म्हणजे तांब्याची औषधी राख, पसरलं, वर तांदळाचा दाणा ठेवला. दाणा तरंगला, म्हणजे भस्म शुद्ध, असं तो म्हणाला आणि बाईचा, माझ्या मोठ्या बहिणीचा, विश्वास बसला. नागपूरचं कॅन्सरचं इंजेक्शन तिला सोसवत नाही. "त्यातई धातूच हाय ना, प्लॅटिनम? मंग वैद्याचाच काऊन वाईट? बोल ना, प्रोफेसर!"

अशा भस्मात कधी विषारी शिसं सापडतं, म्हणून पुडी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली. दोनदा तपासली, शिसं निघालं नाही. तरी संशय जाईना. दाणा तरंगला म्हणून गाठ विरघळते का? की मला वैद्याचाच राग आहे?

घरी सांगितलं, शिसं निघालं.

बाईने उरलेल्या पुड्या माझ्या हातात दिल्या. "तू कायले खोटं बोलशीन? सोमवारी नेजो मले नागपूरले."