पेरू डावीकडे की उजवीकडे

१२ ऑक्टोबर, रविवार. कावासाकी, जपान.

बाबांचं एचिंग, आमच्या जुन्या घराचं छापचित्र, पुस्तकांच्या कपाटावर टेकवून ठेवलंय. भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा नाही, त्यामुळे सहा वर्षं ते तसंच. बाबा चित्रकलेचे शिक्षक होते. मिरजेचं आमचं घर त्यांनी जस्ताच्या पत्र्यावर कोरून छापलं होतं. कौलं, तीन पायऱ्या, दाराच्या डावीकडे पेरू.

आज दादाचा व्हिडिओ कॉल चालू असताना मी मुलीला सांगत होते, या डावीकडच्या पेरूवर चढून मी अभ्यास चुकवायचे. दादा मध्येच म्हणाला, "अगं, पेरू उजवीकडे होता. पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. बाबा उलटं कोरायला विसरले होते. आई केवढी हसली होती!"

दादाला चुका काढायची खोडच आहे. मी भांडले. त्याने जुना फोटो पाठवला. पेरू उजवीकडेच.

घर कधीच विकलं. तरी झोप येत नसली की मी मनाने त्या पायऱ्या चढते, पेरू डाव्या हाताला ठेवून. म्हणजे इतकी वर्षं मी घर आठवतच नव्हते, चित्र आठवत होते? वाईट वाटायला हवं. फारसं वाटत नाहीये.

मुलीने फोटो पाहिला आणि चित्र उचलून बाथरूमच्या आरशासमोर धरलं. "आई, नाओत्ता!" दुरुस्त झालं म्हणे.

आरशात पेरू उजवीकडे होता, अगदी जिथे असायला हवा तिथे. ते घर दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं.

"ठेव परत जागेवर," मी म्हणाले.