पेशींची ओढ आणि माझी कायमची जागा

३ जून, सकाळी
आजपासून रोज लिहायचं. लॅबमध्ये कायमची जागा एकच आहे, मुलाखत तीस तारखेला. अकरा वर्षं दर जूनला करार वाढवून घेतोय. ही जागा माझीच. घरी सांगूनही टाकलं. बायको म्हणाली, आधी पत्र हातात येऊ द्या. स्वभावच संशयी.

६ जून
काम तसं सोपं आहे. रोगाशी लढणारी पेशी संशयित पेशीला चिकटते आणि स्वतःच्या आतल्या धाग्यांच्या जोरावर तिला ओढून बघते. मग मारायचं की सोडायचं ते ठरवते. आम्ही तिला मऊ जेलवर बसवतो. जेलमधले चमकणारे मणी किती सरकले, त्यावरून ओढ कळते.
जेलची बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली की जेल गरम होऊन स्थिरावेपर्यंत चाळीस मिनिटं थांबायचं, असा नियम आहे. नियम भित्र्यांसाठी. मी पाचव्या मिनिटाला मोजतो.

११ जून
औषध घालून पेशींमधले धागे मोडले. तरी मणी सरकले. धाग्यांशिवाय ओढ! जगातली सगळी पुस्तकं चुकली.
चष्मेवाली (आमची ज्युनियर, तीन वर्षं झाली, अजून मला घाबरत नाही) म्हणाली, सर, एकदा मेलेल्या पेशी ठेवून बघूया. म्हटलं, मेलेल्यांची एवढी आवड असेल तर स्मशानात नोकरी बघ. सगळे हसले. म्हणजे मी हसलो.

१२ जून
चष्मेवालीचं मायक्रोस्कोपचं बुकिंग काढून घेतलं. बाटल्या धुवायला बसवलं. तिचाही करार याच महिन्यात संपतो. लॅबप्रमुख मॅडमना सांगितलं, कामसू आहे पण डोकं नाही, वाढवू नका. मॅडमनी वहीत लिहून घेतलं. माझ्या शब्दाला वजन आहे.

१९ जून
उद्यापासून आठला लॅबमध्ये.

२० जून, सव्वाअकरा
आत्ता पोचलो. मोठ्या डोक्याला झोप लागतेच.

२८ जून
चष्मेवालीनेही अर्ज केलाय म्हणे. हसून हसून पोट दुखलं. मॅडमनी तिला संध्याकाळचा मायक्रोस्कोप परत दिलाय. बाटल्या धुणाऱ्यांनीही हौस भागवावी.

३० जून
मुलाखत. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी विचारलं, मेलेल्या पेशीही ओढतात का? मी म्हटलं, प्रश्न बालिश आहे. मॅडमनी चष्मेवालीने मायक्रोस्कोपखाली घेतलेली फिल्म लावली. पाचव्या मिनिटाला मेलेल्या पेशी माझ्या पेशींइतक्याच जोरात ओढत होत्या. पेशी नसलेलं नुसतं जेलही ओढत होतं. गरम होऊन फुगत होतं, एवढंच. चाळीस मिनिटांनंतर फक्त जिवंत, धागे शाबूत असलेल्या पेशी ओढत राहिल्या. पुस्तकांत आहे तसंच.
तज्ज्ञ हसले. मग मीही हसलो. तोवर त्यांचं हसून झालं होतं.

२ जुलै
जागा चष्मेवालीला मिळाली. माझा करार वाढवणार नाहीत. घरी सांगितलेलं नाही. फार लाज वाटतेय.
दुपारी ती माझ्या टेबलाची किल्ली न्यायला आली. म्हणाली, सर, दुसरीकडे अर्ज करणार असाल तर शिफारसपत्र देते. मी म्हटलं, विचार करून सांगतो. ती दारापर्यंत पोचली तेवढ्यात म्हटलं, दे.
तीन ओळी आहेत. माझ्या संशोधनाबद्दल एक शब्द नाही. वेळेवर येतात, असं लिहिलंय. माझ्यासाठी खोटं बोलली बिचारी.