छाटून उरलेल्या नऊ ओळी

सोमवार, १२ मे
कंपायलर पुन्हा आडवा! माझ्या नातीचं, मेरनचं लिखाण मशीनला समजेल असं करून देणारा तो मुकादम. त्याच्यापायी माझं स्वयंपाकघरातलं टेबल अडलंय. नातीला म्हटलं, तुझंच चुकलं असेल. "नाही नॅन, चूक त्याची आहे. मीच दुरुस्त करणार." म्हटलं कर. पण पसारा उचल, चीज रोल करायचेत.

मंगळवार
आज नीट विचारलं. विणकामाचा नमुना एक, स्वेटर लहानमोठे — तसा तिनं होड्यांसाठी एकच साचा लिहिलाय. कुठली होडी किती पाण्यात नदीच्या मुखावरची वाळू ओलांडेल ते सांगतो. साच्याला टेम्प्लेट म्हणतात. त्याच्या पोटात एक छोटं काम, ते लॅम्डा. नावं तरी बघा! त्यानं त्या-त्या होडीचं माप सोबत घ्यायचं. लहान होड्यांचं चाललंय. माझ्या लेकानं, यूअननं यंदा मोठी घेतली, तीही घातली. आता वाऱ्याचं गणित आणखी आत घालायला गेली, तर कुणाचं माप घ्यायचं तेच मुकादमाला कळेना. पडला.

बुधवार
मेरननं दुरुस्ती पाठवली, कंपायलर बनवणाऱ्यांकडे. त्या लोकांची रीत अशी — बिघाड दाखवायचा तर अख्खा प्रोग्राम द्यायचा नाही. छाटत जायचं, मोडेल तेवढंच ठेवायचं. होड्या गेल्या, वाळू गेली, यूअन गेला. उरल्या नऊ ओळी. त्यात नुसतं अ आणि ब.

गुरुवार
तिकडचा तपासनीस, कुणी लॉर्कन. म्हणतो, "असं लिहितं कोण? बंदीच घालू. कुणाचं काय अडतंय?"
मेरन रडकुंडीला. म्हटलं रडायचं तर कोंबड्यांपाशी जा. माझ्या वेळी मटणाच्या कारखान्यात बायांच्या हाती सुरी देत नव्हते. मी मागितली नाही, उचलली! लिही त्याला — नियमात बसतं ना? मग बंदी घालणारा तू कोण?
तिनं लिहिलं. फार गोड लिहिलं. असो.

सोमवार, १९ मे
उत्तर नाही. ती रोज एक ओळ टाकते, "आठवण करून देतेय." शाब्बास!

गुरुवार
घेतली दुरुस्ती! लॉर्कन म्हणतो, "तुझं बरोबर." जड गेलं असेल बापड्याला. यूअन होडीवरून रेडिओवर — "पोरीला सांग, उद्या ब्लू कॉड मासे आणतो." म्हटलं साफ करून आण.

शुक्रवार
मेरननं नव्या कंपायलरनं होड्यांचा प्रोग्राम परत बनवला. लहान होड्यांचे आकडे तेच. मोठीचा बदलला, पाणी जास्त लागणार. तिच्यासाठी जुना मुकादम आजवर गुपचूप लहान होडीचं माप घेत होता. पडला नाही, म्हणून कुणी पाहिलं नाही.
मोठी होडी एकच, यूअनची. ती मुखाकडे वळली होती.
मेरन रेडिओवर ओरडली, "काका, आत येऊ नकोस! खाली वाळू आहे!"
बाहेरच थांबलाय, भरतीची वाट बघत, शिव्या घालत. घालू दे.
मेरनला म्हटलं, आता कळव त्या लॉर्कनला, कुणाचं अडत होतं ते.