करीममामू, तुमचा लोटा वाजतोय

करीममामू, सलाम.

आज तुमच्या खाटेवर माणूस आला. उमरग्याकडचा गाडीवान, काळजाच्याच दुखण्याचा. मी उशाशी पाण्याचा लोटा ठेवला, त्यानं तो हातात घेतला आणि मला तुम्हीच दिसलात. म्हणून लिहितेय. दोन यत्ता शिकलेल्या नर्सचं अक्षर ते कसलं! आणि तुम्हाला मराठी कुठं वाचता येत होतं? तिथं कुणाकडून तरी वाचून घ्या. पण घ्या.

पहिला दिवस आठवतो? लोटा बघितला आणि म्हणालात, "बेटी, इसको कल्हई कब की थी? पानी पिलाती की जहर?" छाती धरून आलेला माणूस, आणि भांड्याला नावं ठेवतोय! लोहाऱ्याच्या बाजारात कल्हई करण्यात सारा जन्म गेलेला, दुसरं काय बोलणार!

डाक्टरसाहेबांचा हुकूम होता, खाटेवरून उतरायचं नाही, ओरडून हाक मारायची नाही. पाणी लागलं तर लोटा खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवायचा. तुम्ही वाजवलात. किती वाजवलात! मी धावत यावं, तर लोटा काठोकाठ भरलेला.

"पाणी आहे की मामू!"

"पानी नक्को बेटी. जरा बैठ. डर लगता."

"मला बसायला सवड आहे व्हय? गप पडा. आराम सांगितलाय."

भीती वाटते म्हणालात, आणि मी चादर ओढून दिली. एवढ्या खाटा, मी एकटी, हे खरं. पण घटकाभर बसले असते तर काय बिघडलं असतं? मला वाटायचं, अशा माणसाला गप्प ठेवलं की झालं. भीतीसुद्धा छातीवरच बसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला कशाला पाहिजे होतं?

मग मी कान तयार केला. तुम्हीच शिकवलं होतं, भरलेलं भांडं ठप्प वाजतं, रिकामं खणखणतं. ठप्प आवाज आला की मी हलायचीच नाही. तुम्हाला ते कळलं होतं ना?

त्या दुपारी लोटा खणखणला. मी पट्ट्या गुंडाळत होते. म्हटलं, तहान खरी दिसते, एवढ्या गुंडाळून जाते. गेले, तर खाटेखाली पाणीच पाणी.

"आता हे पुसायचं कुणी, मामू?" असं म्हणून वर बघितलं. रिकामा लोटा हातातच, डोळे दाराकडं उघडे, आणि श्वास थांबलेला.

तुम्ही एक घोटही प्यायला नव्हतात. ओतून दिलं होतं. मी यावं म्हणून.

तुमच्या बीबींना मी सांगितलं, "झोपेतच गेले, त्रास झाला नाही." त्यांनी माझे हात धरून दुवा दिली. ती दुवा मला पचत नाही हो! भर दुपारी लोटा खणखणतो. जाऊन बघते, तर खाट कोरी. अजून बोलावताय का? का रागावलाय?

आज गाडीवानानं वाजवला. ठप्प. मी जागची हलेना. मग गेले, स्टूल ओढलं, बसले. तो म्हणाला, "बाई, माझ्या बैलांना कुणी पाणी दाखवलं असंल का?" मला बैलांतलं काय कळतंय! पण ऐकत बसले.

मामू, लोट्याला कल्हई करून घेतलीय. आणि ठप्प वाजला तरी मी उठेन. पट्ट्या पडल्या तर पडू देत. मला बोलवायला कुणाला पाणी ओतावं लागणार नाही.

तुमची, उशिरा आलेली,
शेवंता नर्स