बंदूक डावीकडे का मारते

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नसल्यामुळे मनातल्या मनात घातला आहे, पण पूर्ण घातला आहे.) तुझी सर्दी गेली असेल आणि भाऊजींचा रक्तदाब त्यांच्या आवाजापेक्षा खाली असेल, अशी आशा. तू फोनवर "बाबा कसे आहेत?" विचारतेस आणि मी "मजेत" म्हणून विषय बदलतो, कारण तुझे बाबा, म्हणजे आमचे काका, शेजारीच कान टवकारून बसलेले असतात. म्हणून हे पत्र. लांबण लागली तर चिडू नकोस, मुद्द्यावर येतोच आहे.

काकू गेल्यावर काका आमच्याकडे आले, तेव्हाची त्यांची अवस्था तू पाहिली आहेसच. खिडकीजवळची खुर्ची आणि बोलायला दोनच शब्द. चहा? हं. फिरायला? नको. बायको म्हणायची, यांच्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, तिच्यावर निदान एखादी पाल तरी हलते. मी हसायचो, पण खरं सांगतो, आतून टरकलो होतो. हा माणूस असाच बसल्या बसल्या विझणार आणि तुला काय तोंड दाखवायचं, ही धास्ती मला दुकानातही सोडत नव्हती.

अशात त्यांच्या सामानात, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली ती छऱ्याची बंदूक निघाली. लहानपणी आपल्याला जिला हात लावायची बंदी होती तीच. नळीवर गंज, लाकडी दस्त्याला चीर, आणि नळी खाली वाकवून स्प्रिंग दाबायला जावं तर आतून दमेकऱ्यासारखा आवाज. मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही. मी चष्म्याच्या काड्या बसवणारा माणूस, माझे स्क्रूड्रायव्हर बघून ती बंदूक हसली असती. पण नुसत्या हवेवर छरा उडतो कसा, हे मला जन्मात कळलं नव्हतं, आणि उत्तर आयतं चालत घरी आलं होतं. एका रविवारी काकांच्या खोलीतल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि मागची खीळ ठोकून काढायला घेतली.

"तोंड बाजूला घे, गाढवा!"

ताई, काकू गेल्यापासूनचं हे त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य! मला इतका आनंद झाला की तोंड बाजूला घ्यायचं राहूनच गेलं. दाबून बसवलेली स्प्रिंग माझ्या कानाजवळून सणसणत गेली, छताला आपटली आणि न्हाणीघरात कपडे भिजत घातलेल्या बादलीत जाऊन बसली. (बायकोने ती मोजा समजून पिळायला घेतली, असं काका सांगतात. बायकोला हे मान्य नाही.) स्प्रिंगचे दोन तुकडे झाले होते. काकांनी ते तळहातावर घेतले, उन्हात धरले आणि म्हणाले, "ही आत्ता नाही मोडली. ही केव्हाचीच मोडलेली होती." आणि मग खुर्ची ओढून टेबलापाशी आले. स्वतःच्या हाताने ओढून, बरं का.

पुढची कहाणी म्हणजे माझी हजामत. स्प्रिंग एका गॅरेजवाल्याने जुळती शोधून दिली. स्प्रिंगच्या धक्क्याने पुढे धावणाऱ्या दट्ट्याच्या टोकाला एक चामड्याचा वायसर असतो, तो सुकून पापडी झाला होता. तो मी चांभाराकडून कापून आणला. चामडं तेलात मुरवायचं असतं एवढं ऐकलं होतं, म्हणून सढळ हाताने मुरवलं आणि शिवाय बंदुकीच्या आत चार थेंब सोडले. (चार म्हणजे आपली बोलायची पद्धत, बाटली पुष्कळ हलकी झाली होती.) बंदूक जोडली, बोळाच्या टोकाला जुन्या गाद्या उभ्या केल्या, त्यांच्यावर पुठ्ठा लावला आणि घोडा ओढला. धाडकन असा आवाज झाला की खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर टॉवेलावर वर आले. नळीतून धूर निघत होता. बायको पाण्याचं भांडं घेऊन धावली आणि बंदूक सोडून ते माझ्यावर ओतलं. आणि काका? काका हसत होते! ठसका लागेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी ओलाचिंब उभा राहून बघत राहिलो. दट्ट्याने हवा एकदम दाबली की ती तापते आणि जास्तीचं तेल पेटतं, हे त्यांनी मला, बायकोला आणि पोस्टमास्तरांना समजावून सांगितलं. पोस्टमास्तर टॉवेल सावरत शेवटपर्यंत ऐकत होते.

तेल निपटून काढलं आणि बंदूक सुतासारखी सरळ चालायला लागली. पुठ्ठ्यावरचं वर्तुळ मी काढावं आणि काकांनी फोडावं. आता एवढ्यावर संपायला हवं होतं की नाही? नाही संपलं. दुसऱ्या दिवशी दुकानातून येऊन बघतो तर बंदूक डावीकडे मारते. नेम धरायची मागची खाच ज्या बारक्या स्क्रूवर बसते, तो ढिला झालेला. आवळला, नेम जुळवला, बंदूक सरळ. पुन्हा दोन दिवसांनी डावीकडे. पुन्हा आवळला, पुन्हा ढिला! माझं तर डोकं चक्रावलं. दुकानात गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मी त्याच्या चष्म्याचा स्क्रू बघत विचार करत बसतो की हा कसा टिकतो?

काकांना एकेक कारण सुचतं. आधी लाकूड दमटपणाने फुगतं म्हणाले. मग रस्त्यावरच्या ट्रकांचे हादरे. मग त्यांचा संशय वॉशिंग मशीनवर गेला आणि ते आठवडाभर बंद ठेवायला लावलं. बायको धुमसतेय, पण त्यांच्या ताटात वाढताना हात आखडत नाही, कारण हल्ली ते जेवायला आमच्याबरोबर बसतात. वाद अर्धवट टाकून खोलीत कसे जाणार? रोज संध्याकाळी मी चपला काढतो न काढतो तोच विचारतात, "काय रे चष्मेवाल्या, काही सुचलं का?" एकूण काका बरे आहेत. बंदूक बरी नाही.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तू त्यांच्या वाढदिवसाला नवी कोरी बंदूक आणणार आहेस, असं बायकोकडून कळलं. पाया पडतो, आणू नकोस. स्वेटर आण.

ता. क. २. का ते सांगतो, पण फाडून टाक हे पत्र. परवा चष्म्याची एक काच घरी विसरलो म्हणून भरदुपारी परत आलो. दाराच्या फटीतून पाहिलं, तर काका बंदूक मांडीवर घेऊन, जिभेचं टोक दातांत धरून, माझ्याच स्क्रूड्रायव्हरने तो स्क्रू ढिला करत होते. मी पाऊल न वाजवता जिन्यापर्यंत मागे गेलो आणि मग खोकत, चपला आपटत वर आलो. संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून कारण शोधलं. नाही सापडलं.

ता. क. ३. हल्ली तो स्क्रू मी फार आवळत नाही. त्यांची बोटं दुखतात गं.