रेडिओचं उघडं झाकण

अकोला. मंगळवार, दिवेलागण.

सुमनचा रेडिओ अखेर बोलला, पण झाकण बसत नाही.

आतला कपॅसिटर फुगला होता, पंचवीस व्होल्टचा. दुकानदार म्हणाला, "काका, पन्नासचा न्या. पंचवीसचा पुन्हा फुगन." आणला. मायक्रोफॅरड, म्हणजे वीज साठवायची ताकद, तेवढेच, पण अंगानं दुप्पट. असणारच! जास्त व्होल्टेज सोसायचं तर आतल्या धातूच्या पन्न्यांमधला पडदा जाड लागतो, आणि पडदा जाड झाला की तेवढीच साठवण राखायला पन्नीही जास्त गुंडाळावी लागते. आयटीआयमध्ये जन्मभर पोरांना हेच शिकवलं. आणि डब्यात जागा किती, ते मात्र पाहिलं नाही. मूर्ख कुठला!

एवढ्या घरात मी एकटा, आणि या डब्यात बोटभर जागा नाही.

सुमन असती तर स्वयंपाकघरातूनच ओरडली असती, "झाकन लावा ना आधी, पाल शिरन त्याच्यात!" गेल्या उन्हाळ्यापर्यंत ओरडायची. मी चिडायचो.

आज रेडिओ तसाच उघडा ठेवला, तिच्या फळीवर. गाणी संपली, बातम्याही झाल्या. मी झाकण हातात धरून बसलो. काहून, कोण जाणे.

पाल आली, फळीवरून फिरून गेलीसुद्धा. कोणी ओरडलं नाही.