आमच्या बँडचा इतिहास, दोनशे शब्दांत

प्रिय धाकटे,

ताईचे अनेक आशीर्वाद. (तू एकोणसाठ वर्षांची झालीस हे मला मान्य आहे, पण मी एकसष्ट वर्षांची आहे आणि हे अंतर तू कितीही भरभर चाललीस तरी तुटायचं नाही.) तुझा उजवा गुडघा कसा आहे? भावोजींचा रक्तदाब काबूत आहे ना? नसेल, तर हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस. तुझं चष्म्यांचं दुकान छान चालो, लोकांचे डोळे थोडे थोडे बिघडत राहोत. आम्हीही मजेत आहोत. आमचे हे सध्या कानात कापसाचे बोळे घालून घरात वावरतात, पण ते दुखणं नव्हे, माझा सराव. आधीच सांगून टाकते की मला तुझ्याकडे काहीही मागायचं नाही. मी फक्त माझ्या बँडबद्दल लिहिणार आहे, कारण ते तू तिसऱ्याच कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता आम्हाला टाउन हॉलमध्ये चारशे माणसांसमोर वाजवायचं आहे आणि आमच्याकडे गायला कुणी नाही. पण ती अडचण आमची. तू कशाला जिवाला लावून घेतेस?

हो, बँड. रॉक बँड. जे सुरू झालं की आई रेडिओ बंद करायची आणि दुसऱ्या दिवशी आपण दोघी न्हाणीघरातल्या बादलीवर वाजवायचो, तेच. आमच्या बँडचा जन्म दातांच्या दवाखान्यात झाला. आमचे दंतवैद्य फार हळवे आहेत. दात कोरायचं यंत्र घुर्र करू लागलं की पेशंट खुर्चीतून उठून पळायचे आणि डॉक्टरांना बिचाऱ्यांना रात्रभर वाईट वाटायचं. म्हणून त्यांनी मोठ्या आवाजात रॉक संगीत लावायला सुरुवात केली. पेशंट तरीही पळाले, पण तालात. पळाले नाहीत ते एकटे शिंपीदादा. अर्धा जबडा बधिर, तोंडात कापूस, आणि पाय मात्र ठेका धरून बसलेला. (ते तरुणपणी गिटार वाजवायचे, ती गिटार अजून दुकानात सुटांच्या मागे टांगलेली होती. एका गिऱ्हाइकाने ती अंगावर घालून पाहिली होती म्हणतात, पण शिंपीदादांचं सगळंच खरं धरू नये.) मग शेजारच्या वाचनालयातून ग्रंथपाल बाई तक्रार घेऊन आल्या. चौतीस वर्षं ओठांवर बोट ठेवून काढलेली बाई. दारात उभ्या राहून 'शू' म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. पुन्हा 'शू' म्हणाल्या. तिसऱ्या कडव्याला त्यांचं बोट खाली आलं आणि चौतीस वर्षं आत कोंडलेला आवाज असा काही बाहेर पडला, की औषधांच्या कपाटाची काच तडकली. ती काच डॉक्टरांनी आजतागायत बदललेली नाही. आल्यागेल्याला दाखवतात.

आणि मी? मी दाढ दाखवायला गेले होते. खुर्चीच्या हातावर माझी दहा बोटं आपोआप चालत होती, आपल्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी शिकवलेली, मनगट उंच, कोपरं अंगाशी. डॉक्टरांनी विचारलं, "ताई, पियानो वाजवता का?" तोंडात आरसा असल्यामुळे मी "आ" म्हटलं आणि बँडमध्ये दाखल झाले.

रविवारी दवाखाना बंद असतो, तेव्हा तिथेच आमचा सराव चालतो. डॉक्टर ड्रम घेऊन पेशंटांच्या बाकापाशी, माझा कीबोर्ड एक्स-रेच्या मेजावर, ग्रंथपाल बाई चूळ भरायच्या भांड्यापाशी (भावना अनावर झाल्या की त्या त्यात पाणी सोडतात), आणि शिंपीदादा खुद्द खुर्चीत. त्यांना म्हणे उभ्याने सुचत नाही. आता चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेला पाय तो, समोर खुर्चीचं पेडल दिसलं की दाबणारच. एकट्याने गिटार वाजवायची त्यांची वेळ आली की ते डोळे मिटतात, पाय चालू होतो आणि खुर्ची वर वर जाऊ लागते. परवा डोकं दिव्याला टेकलं तरी त्यांना पत्ता नाही. डॉक्टर ड्रम सोडून धावले, त्यांनी घाईत भलतंच बटण दाबलं, तर खुर्ची आडवी झाली. शिंपीदादांनी आडव्यानेच शेवट केला. मी इतकी हसले, की ज्या दाढेसाठी पहिल्यांदा गेले होते तिच्यावरची टोपी निघाली. धाकटे, इतकं हसणं माझ्यात शिल्लक आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

पण कुणाची दृष्ट लागली कोण जाणे. तीन आठवड्यांपूर्वी घशाच्या डॉक्टरांनी ग्रंथपाल बाईंना सांगितलं, सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. जन्मभर जी पाटी त्यांनी लोकांच्या डोक्यावर लावली, ती स्वतःच्या गळ्यात आली. आता त्या वाचनालयाच्या जुन्या चिठ्ठ्यांवर लिहून बोलतात, आणि पूर्वीपेक्षा जास्त बोलतात.

टाउन हॉलमध्ये बँडचा जलसा होणार होता, त्याचा अर्ज मात्र तोवर घरी आला होता. सदस्यांची माहिती एका पानावर, आणि बँडचा इतिहास दोनशे शब्दांत. तिथल्या मुलीने फोनवर मला बजावलं, "काकू, चाळीस बँड आहेत, घ्यायचेत सहा. इतिहासात जरा संघर्ष टाका." झालं! आम्ही चौघं संघर्ष शोधायला बसलो. डॉक्टरांना वडील म्हणाले होते, डॉक्टर हो. डॉक्टर म्हणाले होते, बरं. संपला संघर्ष. शिंपीदादांनी सांगितलं, "माझी पहिली गिटार बापाने रागाने मोडली होती." बाईंनी चिठ्ठी सरकवली, "पुरावा?" तेव्हा कबूल झाले, की ते स्वतःच तिच्यावर बसले होते. बाई स्वतः म्हणजे एकदा पुस्तक उशिरा परत केलेली बाई, एवढंच. मग तिघं माझ्याकडे बघायला लागले. आणि मी, धाकटे, तुझी गोष्ट सांगितली.

तुला सगळं आठवत असणार, तरी माझ्या तोंडून कधी ऐकलं नाहीस. वार्षिक समारंभ, तू चौदाची, मी सोळाची. ठरलं होतं, की प्रार्थना संपली की आपलं रॉकचं गाणं सुरू करायचं. तू गायची, मी पियानो. महिनाभर संगीताच्या खोलीत चोरून तयारी केली होती. तू सुरू केलंस. त्याच क्षणी पहिल्या रांगेत मदर सुपीरियरनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, माझी पाचावर धारण बसली आणि माझे हात आपले पुन्हा प्रार्थनाच वाजवू लागले. तू मागे वळून बघितलंस. थांबशील असं वाटलं. थांबली नाहीस! माझ्या प्रार्थनेच्या उरावर तू ते गाणं शेवटच्या ओळीपर्यंत नेलंस. नंतर मदरनी विचारलं, ही कल्पना कुणाची? मी बुटांकडे बघत राहिले. तू म्हणालीस, "माझी." तुला टर्मभर मधल्या सुट्टीत ऑफिसबाहेरचा बाक मिळाला आणि मला सुबक साथीबद्दल चांदीचा कप. तो कप मी कधी कपाटाबाहेर काढलेला नाही. त्यानंतर तू नळ सोडल्याशिवाय गायली नाहीस, हेही मला ठाऊक आहे. तुझ्या न्हाणीघराच्या दाराशी मी किती वेळा उभी राहिले आहे, ते तुला ठाऊक नाही.

एवढं सांगून झालं तर शिंपीदादा टेपने डोळे पुसत होते आणि डॉक्टरांनी पेन उचललं होतं. मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण त्यांच्या हाताला प्रतिभेचा झटका आला होता. अर्जात तू आमच्या बँडची संस्थापक गायिका झालीस. तू पियानोला आग लावलीस. तू खिडकीतून उडी मारून पळालीस आणि एका जहाजावर गात गात जगभर फिरलीस. (बाईंची चिठ्ठी: "जहाजाचं नाव?" डॉक्टरांनी तेही घातलं.) चष्म्याचं दुकान शब्दमर्यादेत बसलं नाही. आठ दिवसांनी त्या मुलीचा फोन, की चाळीस बँडांत असा इतिहास कुणाचा नाही, तुम्ही पहिल्या सहांत! आणि आता गावभर पोस्टर लागलंय: 'पंचेचाळीस वर्षांनंतर संस्थापक गायिका मंचावर परत!' त्यावर तुझा दोन वेण्यांचा, गणवेशातला फोटो आहे. फोटो कुणी दिला असं विचारू नकोस. दवाखान्यात लोक तुझी चौकशी करतात. एका आजोबांनी तर ते जहाज स्वतः पाहिलं होतं.

तर हे असं आहे. तू मुळीच काळजी करू नकोस. फार तर चारशे लोक आम्हाला खोटारडे म्हणतील. गुडघ्याला जप.

तुझीच,
ताई

ता. क. मागायचं नाही असं लिहिलं ते खोटं होतं. ये. गा. आणि त्याआधी, मला माफ कर. हे वाक्य वरच्या मजकुरात तीन वेळा लिहून खोडलं, म्हणून तिथे शाईचे डाग आहेत.

ता. क. दोन. अर्जावर सगळ्या सदस्यांच्या सह्या लागत होत्या. तुझी मीच केली. सिस्टरनी आपल्या दोघींचं अक्षर एकाच साच्यातून काढलं आहे, तेव्हा तुझ्या बँकेलाही फरक कळायचा नाही. काळजी घे.

ता. क. तीन. या पत्रावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तुझ्या हातात ते देणारे, अजून दारात उभे असलेले गृहस्थ म्हणजे शिंपीदादा. त्यांना जॅकेटसाठी तुझं माप घ्यायचं आहे. त्यांना आत घे. मी खाली डॉक्टरांच्या गाडीत बसले आहे. जिना चढायचं धाडस झालं नाही, म्हणजे बघ, एकसष्टाव्या वर्षीही तीच मी. पण कीबोर्ड मांडीवर घेतला आहे आणि काच खाली केली आहे. हो किंवा नाही काही बोलू नकोस. खिडकीत ये आणि सुरू कर. तू जे गाशील, तेच मी वाजवीन.